माळशेज चढून संध्याकाळी परत

२३ जून १९९६, रविवार

आज सकाळी मी एक वाक्य बोललो आणि ते बोलायला नको होतं. आता गप्प बसून लिहून काढतो, म्हणजे निदान चूक कुठं झाली ते कळेल.

बाजीरावदादा, म्हणजे माझे साडू, हिच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, काल ओतूरहून कांद्याच्या ट्रकबरोबर वाशीच्या मार्केटात आले आणि मुक्कामाला आमच्याकडं कोपरखैरण्याला राहिले. तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेला माणूस. त्यातली वीस माळशेज घाटात. सकाळी चहा झाल्यावर खाली उतरले आणि माझ्या फियाटभोवती एक फेरी मारली. टायरला पायानं टोचून पाहिलं. न विचारता बॉनेट उघडलं.

"बरी हाये," म्हणाले. "सेक्टरात फिरवायला."

इथंच माझं डोकं फिरलं. त्यावर आणखी म्हणाले, "श्रावणात आमच्या नव्या घराची वास्तुशांती हाये. तुमी आपलं एसटीनंच या, मानसिंगराव. मी येतो स्टँडवर घ्यायला. घाटाचं काम निराळं असतं."

बावीस वर्षं मी ओतूरच्या स्टँडवर उतरतोय आणि बावीस वर्षं हा माणूस माझ्या हातातली पिशवी काढून घेतोय. "द्या इकडं, कारकुनाच्या हाताला सवय नसती." आणि बाजूला ही खाली मान घालून चालत असते. मी मार्केटात दिवाणजी आहे, बिगारी नाही, हे खरं. पण म्हणून पिशवीसुद्धा उचलता येत नाही?

तर मी बोललो, "दादा, वास्तुशांतीला याच गाडीनं येतो. माळशेज चढून येतो आणि संध्याकाळी परत." सोसायटीचे सेक्रेटरी तिथंच दूध घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. म्हणजे सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं.

आता खरी गोष्ट. लायसन्स मार्चमध्ये मिळालं, गाडी एप्रिलमध्ये आली, आणि ज्या गावात मी गाडी शिकलो ते सगळं खाडीत भराव टाकून केलेलं आहे. ताटासारखं सपाट. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची कशी, हे मला कुणी शिकवलंच नाही, कारण चढच नव्हता.

आणि त्याहून खरी गोष्ट ही की मला घाटाची भीती वाटते. एसटीत खिडकीशी बसलो तरी घाट लागला की मी डोळे मिटून घेतो. लोकांना वाटतं झोप लागली. हे मी आजवर कुणालाही बोललेलो नाही, हिलाही नाही. फक्त या डायरीला सांगतोय. डायरी कपाटात विम्याच्या कागदांखाली असते. तिथं कुणी हात लावत नाही.

जेवायला आज पुन्हा शेपू होता. लग्न झाल्यापासून खातोय. मला शेपू अजिबात आवडत नाही, पण आता इतक्या वर्षांनी सांगायचं कोणत्या तोंडानं?

२६ जून, बुधवार

चमत्कार आहे. सोमवारी ही भाजीवालीला म्हणाली, "शेपू नको गं, आमच्याकडं नाही खात कुणी." मी पेपरमागून ऐकत होतो. माझी बायको मनकवडी आहे, दुसरं काय म्हणणार.

दुसरी बातमी. ही दुसऱ्या मजल्यावरच्या उज्वलाबरोबर शिवणक्लासला जाणार आहे. रोज दुपारी दोन ते तीन. मी म्हटलं, "आता या वयात?" तर म्हणाली, "वय काय शिवायला लागतं का?"

९ जुलै, मंगळवार

हिची डावी पोटरी दुखतेय. शिवणक्लासची पायमशीन असणार. मी बाम आणून दिला आणि म्हटलं, "एकाच पायानं कशाला दाबतेस? दोन्ही वापरावेत." तेजश्री फिस्सकन हसली. दहावीतली पोरगी, कशाला हसते ते तिचं तिला ठाऊक. हिनं तिला डोळे मोठे करून दाखवले.

१४ जुलै, रविवार

शेवटी सयाजीला सांगावं लागलं. आमच्या गाळ्यावरचा माथाडी. पाटण तालुक्यातला, म्हणजे घाटातच जन्मलेला. त्याला बोलताना मी माझं नाव घेतलं नाही. माझ्या एका मित्राला चढावर गाडी उचलता येत नाही, असं म्हटलं.

"मित्राला घिऊन या सकाळी रेल्वेच्या पुलावर," सयाजी म्हणाला. "तुमीबी या संगट. गाडीबी तुमचीच आना."

सगळ्या कोपरखैरणे-वाशीत चढ म्हणून तेवढाच. सहा वाजता गेलो. पुलाच्या मध्यावर थांबलो, सयाजीनं मागच्या चाकाला दगड लावला. मी क्लच सोडला, गाडी बंद. परत सुरू केली, परत बंद. पाचव्या खेपेला सयाजीनं दगड काढला तर गाडी मागं निघाली आणि मी ब्रेकऐवजी हॉर्न दाबला.

"दिवानजी," सयाजी खिडकीत वाकून म्हणाला, "मागं याया लागली की आदी ब्रेक. हार्न नंतर."

२८ जुलै, रविवार

आज पूल चढलो. पण सगळं लिहायला हवं. माझी आठ वेळा बंद पडलेली गाडी बघून मार्केटकडं निघालेले आणखी चार माथाडी थांबले. सयाजीनं आवाज दिला, पाचांनी मिळून गाडीला खांदा लावला आणि कांद्याच्या गोणीसारखी ढकलत वर नेली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं. एवढंच की इंजिन बंद होतं.

वरून रेल्वेचे रूळ फार छान दिसतात.

सयाजी निघताना म्हणाला, "तुमचा पाय चांगला हाय. पन दगड काडला की तुमचा जीव पायातनं निघून जातूय बगा." माणूस स्पष्ट बोलतो. मित्राचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

६ ऑगस्ट, मंगळवार

झोप उडालीय. आज गाळ्यावर बसल्या बसल्या सबबी काढल्या. ताप येणं जुनं झालं. मार्केटात संप होईल असं सांगता येईल, पण दादा कांदा पाठवणारे, त्यांना आधी कळेल. सगळ्यात चांगली म्हणजे कार्ब्युरेटर. ऐनवेळी म्हणायचं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, मेकॅनिक सोमवारी येतो. बायकांना त्यातलं काही कळत नाही. ठरलं. कार्ब्युरेटर.

७ ऑगस्ट, बुधवार

चहा देताना ही म्हणाली, "वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी कार्ब्युरेटरचं वगैरे काही काढू नका हं. आधीच दाखवून घ्या मेकॅनिकला."

माझ्या हातातली बशी कलंडली. हिला कार्ब्युरेटर हा शब्द कुठून माहीत? विचारलं तर म्हणाली, "क्लासमध्ये बोलतात बायका." शिवणक्लासमध्ये कार्ब्युरेटर! नवी मुंबईच्या बायका फार पुढं गेल्या.

मग सांडलेला चहा पुसता पुसता म्हणाली, "जाऊ या हो गाडीनं. आक्काच्या दारात एकदा तरी आपल्या गाडीतून उतरायचंय मला. पिशव्या घेऊन स्टँडवर उभं राहायचा कंटाळा आला." असं ही कधी बोलत नाही. सबब बाद.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन झाल्यावर सेक्रेटरींनी माइकवरच सांगितलं, "आपले जगदाळेसाहेब स्वतः गाडी चालवत माळशेज घाटातून जाणार आहेत." टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

उज्वलानं घरोघर पेढे वाटले. कशाचे, तर काल दोघी शिवणक्लासची परीक्षा पास झाल्या. मध्यंतरी हिनं पासपोर्ट फोटोही काढून घेतले होते, सर्टिफिकेटला लागतात म्हणे. पेढा खाल्ला. पण दीड महिन्यात घरात एक रुमालही शिवून आलेला नाही, हे आपलं नमूद करून ठेवतो.

२४ ऑगस्ट, शनिवार

उद्या. पेट्रोल भरलं, हवा भरली, पाणी भरलं, नारळ फोडला. गणपतीसमोर मनात एवढंच मागितलं की उद्या घाट बंद असू दे. दरड कोसळली तरी चालेल. अगदी लहान दरड, कुणाला लागू नये, फक्त रस्ता अडावा. असलं मागणं मागणारा माझ्यासारखा भित्रा भक्त त्यानं कधी पाहिला नसेल.

खरंच सांगतो, भीती चेष्टेची नाही. गाडीत बायको आणि पोरगी असणार. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, पण त्या दोघींना काही झालं तर?

२६ ऑगस्ट, सोमवार

रजा टाकलीय. कालचं सगळं ओळीनं लिहितो.

पहाटे पाचला निघालो. महापे, शिळफाटा, कल्याण, मुरबाड. मुरबाडपर्यंत मी गाणी म्हणत होतो. टोकावड्याच्या पुढं डोंगर दिसायला लागले आणि गाणं आपोआप बंद झालं. घाट सुरू झाला तेव्हा दुसऱ्या गियरमध्ये गाडी घातली आणि ठरवलं की थांबायचंच नाही. थांबलो नाही की उचलायचा प्रश्न नाही. चार वळणं झाली. पाच झाली. मला वाटलं, जमतंय की!

सहाव्या वळणावर मुंबईची पोरं धबधब्याखाली नाचायला उतरलेली. जीपा वाटेल तशा लावलेल्या. पुढचा दुधाचा टेम्पो थांबला. मीही थांबलो. चढावर. मागं एसटी येऊन उभी राहिली, इतकी जवळ की आरशात तिच्या नंबराचे आकडे वाचता येत होते.

टेम्पो निघाला. मी क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा सुरू केली, बंद. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागं गेली आणि तेजश्री "पप्पा!" म्हणून ओरडली. दार उघडून भर पावसात उतरली आणि चाकामागं दगड लावून आली. मागून एसटीचा हॉर्न. चौथ्यांदा बंद.

तेवढ्यात हिनं चपला काढून मागच्या सीटखाली टाकल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "इकडं सरका."

"अगं, ही काय पिको-फॉलची मशीन आहे का?"

"सरका म्हणते ना!"

पाऊस धो धो, मागं हॉर्न, मी सरकलो. ती पुढून वळसा घालून स्टिअरिंगवर आली. ठेवणीतली रेशमी साडी नेसलेली माझी बायको. चावी फिरवली, पहिला टाकला आणि शांत आवाजात म्हणाली, "तेजू, दगड काढ." आणि पोरीनं एकदाही "मम्मी, तुला येतं का?" असं विचारलं नाही. दगड काढून आत येऊन बसली. तेव्हा मला कळलं की या घरात शिवणक्लासबद्दल माहीत नसलेला मी एकटाच होतो.

गाडी जागच्या जागी थरथरली आणि पुढं निघाली. मागं एक बोटभरही आली नाही.

मी डोळे मिटून घेतले होते. दोन वळणं गेली असतील, ही म्हणाली, "उघडा डोळे. बघण्यासारखं आहे."

"मी जागाच आहे."

"ठाऊक आहे जागे आहात ते. बघा म्हणते."

मी एक डोळा उघडला. मग दुसरा. काय सांगू! समोरच्या कड्यावरून पंधरावीस ठिकाणी पाणी कोसळत होतं. काही धारा वाऱ्यानं उलट्या वर उडत होत्या. ढग रस्त्यावर येऊन बसले होते आणि आम्ही त्यांच्यातून जात होतो. दरीत इतकं हिरवं होतं की त्या हिरव्यात खोली कळतच नव्हती. इतक्या वर्षांत या घाटातून मी किती खेपा केल्या असतील, आणि माळशेज काल पहिल्यांदा पाहिला. मला रडूच आलं. काच पुसायच्या फडक्यानं तोंड पुसलं. हिनं पाहिलं नाही, किंवा पाहून समोर बघत राहिली.

ओतूर एक किलोमीटर राहिलं तेव्हा हिनं गाडी बाजूला घेतली. "घ्या. आक्काच्या दारात तुम्हीच घाला." मी काय करायला हवं होतं? नाही म्हणायला हवं होतं. पण घेतली. सपाटीवर मी उत्तम चालवतो. दोनदा हॉर्न मारून मांडवापाशी गाडी उभी केली. ही रुबाबात उतरली, आक्कानं गळामिठी मारली, आणि पिशव्या कुणी हातातून काढून घेतल्या नाहीत.

दादा मात्र हसत होते. "या पाव्हणं! कुठल्या गियरात चढली?"

"दुसऱ्या. मधे पहिला."

"थांबला असाल ना धबधब्यापाशी? हाफ क्लचवर उचलली का?"

"मग काय!"

दादा आणखी हसले. त्यांच्याशेजारी खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला. पंगतीत त्यानं दादांच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघं माझ्याकडं बघून ठसका लागेपर्यंत हसले. मला वाटलं, माझ्या मिशीला पिठलं लागलंय. पंगतीत मासवड्या होत्या, झणझणीत रस्सा होता. सगळे पाव्हणे येऊन मला सांगत होते, दिवाणजी, छाती पाहिजे बरं का! मी "त्यात काय" म्हणत होतो. हीच वाढायला होती. माझ्या ताटात न मागता दोन मासवड्या टाकल्या आणि पुढं गेली. त्या मी मान खाली घालून खाल्ल्या.

चार वाजता निघालो तर मांडवात तीसेक माणसं. दादा म्हणाले, "घाटातल्या बोगद्यापर्यंत मीबी येतो. पुढं बसतो तुमच्याशेजारी. वाटंत एक चढ हाये, तिथं जरा थांबवू. बघू तरी पाव्हण्यांचा हाफ क्लच."

चावी माझ्या हातात होती. सगळे बघत होते. ही आक्काच्या शेजारी उभी होती, आणि तिचा चेहरा पाहिला तर माझ्याहून जास्त घाबरलेला. आपलं बिंग फुटेल म्हणून नाही. माझं फुटेल म्हणून. आणि मग मला माझीच लाज वाटली. हिनं गाडी डोंगरावर चढवली आणि मासवड्या मी खाल्ल्या!

"दादा," मी म्हटलं, "घाट मी चढलो नाही. माझी गाडी चार वेळा बंद पडली. वैजयंतीनं चढवली. आताही तीच उतरवणार." आणि चावी सगळ्यांदेखत तिच्या हातात दिली.

मग खाकीवाला ओरडला, "म्हंजे मी काय सांगत व्हतो! रेशमी साडीवाली बाई! मी मागंच व्हतो एसटी घिऊन!"

"ते मला दुपारीच कळलंय," दादा म्हणाले. "तुमी सांगताय का, तेवढंच बघत व्हतो." आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. आक्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पण खरी गंमत पुढं. दादा शब्दाला जागले, बोगद्यापर्यंत यायला मागच्या सीटवर बसले. पिंपळगाव जोग्याच्या धरणापर्यंत हिला सूचना देत होते, "गियर बदल, हां, आता सोड." मग आवाज बंद. वळून पाहिलं तर घामाघूम. जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस, मागच्या सीटवर कधी बसलाच नव्हता. त्यांना गाडी लागली! बोगद्यापाशी उतरून कठड्यावर बसले. मी तोंडावर पाणी मारलं, तेजश्रीनं लिंबू दिलं.

"मानसिंगराव," दादा हळूच म्हणाले, "आमच्या हिला यातलं सांगू नका."

"नाही सांगत. भीती कुणाला वाटत नाही, दादा?"

"भीती न्हाई वो, मळमळ," म्हणाले. पण उलट्या बाजूच्या एसटीत चढताना माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सेक्रेटरी खालीच होते. ही गाडी लावत होती आणि मी मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होतो. त्यांनी बघितलं. बघू देत.

एक कोडं मात्र सुटत नाही. मी डोळे मिटतो, मला चढ जमत नाही, हे हिला कसं कळलं? सयाजी तसा बोलणारा नाही. विचारलं तर म्हणते, "कळतं." मनकवडी, दुसरं काय.

तोंडावर मला हे बोलता यायचं नाही, म्हणून इथं लिहितो. वैजयंती, माझी भीती तू हसण्यावारी नेली नाहीस. दीड महिना पोटरी दुखवून घेतलीस आणि मला बामाची अक्कल शिकवू दिलीस. मी तुझा फार ऋणी आहे. मला पण शिकायचंय गं ते हाफ क्लच. पण तुला विचारायचं कसं? तेजश्री हसेल.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी साडेपाचला हिनं हलवून उठवलं. हातात गाडीची चावी.

"उठा, पुलावर जाऊ," म्हणाली. "तेजू झोपलीय तोवर."